तोफेपुढचा तट: आमगावहून चांद्याला

तोफेचा गोळा आधी येऊन आदळतो आणि तोफेचा आवाज मागून येतो. ऐकायला हे अद्भुत वाटतं, पण गणित साधं आहे. अठरा पौंडी तोफेतून सुटलेला लोखंडी गोळा सेकंदाला ४०० मीटरहून अधिक वेगाने निघत असे. आवाज हवेतून सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास जातो. तोफ अडीचशे यार्डांवर, म्हणजे साधारण २३० मीटरवर मांडलेली असेल, तर तटावरच्या शिपायाला पायाखालचा दगड हादरलेला आधी कळतो आणि धडाका नंतर ऐकू येतो.

१९ मे १८१८ या दिवशी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तटावरची माणसं सकाळपासून हेच अनुभवत होती. शहराच्या आग्नेय कोपऱ्यासमोर इंग्रजांच्या तोफा लागल्या होत्या. ज्या तटाच्या आत गोंड राजांची राजधानी पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्याला एका दिवसात खिंडार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शहर पडलं.

तो तट आजही उभा आहे. आमगावच्या माणसाला तो पाहायला जाणं अवघड नाही. आमगावहून गोंदिया, आणि गोंदियाहून बल्लारशहाची गाडी. ज्या स्टेशनावर उतरायचं त्याचं नावच चांदा फोर्ट आहे. एकेकाळी ही लाइन नॅरोगेज होती. आता ब्रॉडगेज गाड्या त्याच धानाच्या बांध्यांतून, बोड्या-तलावांच्या काठाने आणि मधल्या जंगलातून जातात. अर्जुनी मोरगाव, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल अशी गावं मागे पडतात. अर्जुनीच्या बाजूला प्रतापगडाचा डोंगर आहे. तिथेही जुना किल्ला होता. आज महाशिवरात्रीच्या यात्रेला आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींच्या दर्ग्यावर लोक तिथे येतात. किल्ल्यांची ही माळ आपल्या झाडीपट्टीतूनच गेलेली आहे, पण शाळेत किल्ला म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीच उभा राहतो. म्हणून चांद्याची गोष्ट नीट सांगायला हवी. त्या गोष्टीचा शेवटचा तुकडा तर आमगावपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या कामठ्यात घडलेला आहे.

दोन नद्यांच्या मधलं शहर

चंद्रपुरात शिरताना पहिली जाणीव होते ती लांबीची. सह्याद्रीतला गड डोंगराच्या माथ्यावर असतो. तिथे अर्धं काम कड्याने केलेलं असतं, माणसाने फक्त उरलेल्या फटी बुजवलेल्या असतात. चांदा सपाटीवर आहे. इथे आख्खं शहर कवेत घ्यायचं, तर तट माणसालाच बांधावा लागला. त्याचा घेर दहा किलोमीटरच्या आसपास आहे. चार मोठे दरवाजे आहेत: उत्तरेला जटपुरा, पश्चिमेला बिनबा, दक्षिणेला पठाणपुरा आणि पूर्वेच्या अंगाला अंचलेश्वर. त्यांच्या जोडीला पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. तटात जागोजागी मिळून ३९ बुरूज आहेत.

जागा निवडणाऱ्याची नजर पाहून थक्क व्हायला होतं. पश्चिमेला इरई वाहते, पूर्वेला झरपट. दोघी शहराला वळसा घालून दक्षिणेला एकत्र येतात. डोंगर नव्हता, तर बांधणाऱ्यांनी नद्यांकडून खंदकाचं काम करून घेतलं. पावसाळ्यात वर्धा नदी फुगली की इरईचं पाणी मागे तुंबतं आणि शहराच्या अंगावर येतं. अशा वेळी तटाला शत्रूइतकीच पाण्याशीही झुंज द्यावी लागते. शहराच्या आत रामाळा तलाव आहे. नळ यायच्या कितीतरी आधीपासून वेढ्याच्या काळात गावाला पाणी पुरवायची तजवीज तटाच्या आतच केलेली होती.

तट वालुकाश्माचा आहे. सह्याद्रीचा काळा बसाल्ट लाव्हारसातून झाला. चंद्रपूरच्या परिसरातला वालुकाश्म प्राचीन नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे थर दाबले जाऊन तयार झाला. ज्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकमालिकेत या जिल्ह्याचा कोळसा आहे, त्याच मालिकेतले हे दगड. वालुकाश्म छिन्नीला वश होतो, म्हणूनच दरवाजांवरचं शिल्प इतकं ठसठशीत उतरलं आहे. हत्तीवर मात करणारा सिंह हे चांद्याच्या गोंड राजांचं राजचिन्ह होतं. जटपुऱ्याच्या दरवाजाखालून जाणाऱ्या गर्दीने क्षणभर मान वर केली, तर ते आजही दिसतं. पण छिन्नीला वश होणारा दगड तोफेच्या गोळ्यालाही तितकाच वश होतो. त्याचा हिशेब पुढे येईलच.

सशाने आखलेली रेघ

तट कुठून कुठे जावा, हे कुणी ठरवलं? चांद्याची दंतकथा सांगते की एका सशाने. खांडक्या बल्लाळशहा हा गोंड राजा बल्लारपूरला राहत असे. त्याच्या अंगावर गळवं उठली होती. शिकारीला निघालेला असताना त्याला तहान लागली. झरपटच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात थोडं पाणी सापडलं. त्या पाण्याने त्याने तोंड धुतलं आणि त्याची व्याधी ओसरली. ते पाणी तीर्थाचं निघालं, आणि तिथेच अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पुढे त्याच परिसरात राजाने एक नवल पाहिलं. ससा पुढे आणि कुत्रा मागे असं नव्हतं. ससाच राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला होता. दोघं मोठा फेर धरून धावत राहिले, आणि शेवटी कुत्र्याने उलटून सशाला मारलं. राणीने सल्ला दिला, की हा फेर धरून तट बांधा, आणि जिथे दोघांची झटापट झाली तिथे बुरूज भक्कम ठेवा, कारण पुढे धोका तिथूनच येईल.

मला या कथेतलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. प्रत्येक तटाला एक कमकुवत जागा असते, हे ज्यांनी ही कथा सांगितली त्यांना पक्कं ठाऊक होतं. पराक्रमाच्या कथेत त्यांनी भयाची नोंदही ठेवली.

बांधकाम एका राजाच्या हयातीत संपलं नाही. पंधराव्या शतकात पाया पडला असं परंपरा सांगते. पुरा तट उभा राहिला तो सोळावं शतक संपून सतरावं सुरू होताना, धुंड्या रामशहाच्या कारकिर्दीत. या काळात चांद्याचं राज्य किती बळकट होतं, याची साक्ष दिल्ली-आग्र्याकडून मिळते. अकबराच्या दरबारात तयार झालेल्या ‘आईन-ए-अकबरी’त चांद्याच्या गोंड राजाचं सैन्य १,००० स्वार आणि ४०,००० पायदळ असं नोंदलं आहे. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेखही तिथे आहे. वैरागड म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं, आपल्या वडशापासून फार लांब नसलेलं गाव.

आता हे ४०,००० पायदळ आणि दहा किलोमीटरचा तट शेजारी मांडून पाहा. दहा किलोमीटर म्हणजे दहा हजार मीटर. सगळं पायदळ तटावर चढवलं तर प्रत्येक मीटरला चार माणसं उभी राहतात. त्यांच्या पाळ्या लावता येतात. काही झोपतील, काही जेवतील, काही दगड वाहतील, आणि तरीही तटाची एक वीत उघडी राहणार नाही. हा तट अशा राज्यासाठी आखला होता ज्याच्याकडे माणसांची वाण नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवली की १८१८ मध्ये काय झालं ते लख्ख कळतं.

तोफ न डागता गेलेलं राज्य

आश्चर्याची गोष्ट अशी की गोंड राजांचं चांदा तटाला खिंडार पडून गेलंच नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे राणी हिराईचं नाव गाजत होतं. नवरा बीरशहा मारला गेल्यावर तिने दत्तक मुलाच्या नावाने कारभार पाहिला, महाकालीचं देऊळ बांधलं आणि अंचलेश्वर दरवाजाजवळ नवऱ्याची भव्य समाधी उभारली. चैत्रात महाकालीच्या यात्रेला आजही लांबून लोक येतात. समाधीपाशी मात्र वर्दळ कमी असते. चांद्याला जाणाऱ्याने ती चुकवू नये. एका राणीने दगडात लिहिलेला तो शोक आहे, आणि त्यातलं प्रमाण, कमानी, घुमट पाहिले की गोंड राजधानीचे कारागीर काय ताकदीचे होते ते उमगतं.

पुढच्याच पिढ्यांत नागपूरकर भोसले आले. पहिल्या रघूजींनी दरबारातल्या फुटीचा फायदा घेतला, आधी वसुलीत मोठा वाटा मिळवला, आणि १७५१ मध्ये नीलकंठशहाला कैदेत टाकून राज्य आपल्याकडे घेतलं. दहा किलोमीटरचा तट जागच्या जागी होता. शत्रू भिंत ओलांडून आला नाही, दरबारातून आला. किल्ला अभेद्य असण्याला मर्यादा असते ती अशी. दगड बाहेरच्याला अडवतो, आतली फूट तो बुजवू शकत नाही.

१८१८ चा मे महिना

नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचं आणि इंग्रजांचं युद्ध झालं. भोसले हरले. आप्पासाहेब भोसले गादीवर राहिले, पण बांधलेल्या हातांनी. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या रेसिडेंटने त्यांना अटक केली. इकडे दुसरे बाजीराव पेशवे फौज घेऊन चांद्याच्या रोखाने येत होते. चांद्यासारखं तटबंद शहर हाती असतं, तर दोन पराभूत सत्तांना उभं राहायला एक जागा मिळाली असती. पण १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सने पेशव्यांच्या फौजेची दाणादाण उडवली. तिथून ॲडम्स वळला तो चांद्याकडे.

९ मे १८१८ रोजी त्याची फौज चांद्यापुढे आली. किल्लेदार गंगासिंगाने शरण यायला नकार दिला. याच वेढ्याच्या पाचव्या दिवशी, १३ मे रोजी, तिकडे जबलपूरच्या वाटेवर आप्पासाहेब शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून निसटले. ज्या राजासाठी गंगासिंग तट लढवत होता, तो राजा मोकळा झाला होता, आणि दोघांच्या मधे शेकडो किलोमीटरचं जंगल होतं.

तटाच्या आत दोन-तीन हजारांची शिबंदी होती. मघाचं गणित पुन्हा करा. अडीच हजार माणसं, दहा हजार मीटर. एकानेही डोळा मिटला नाही, तरी दर चार मीटरला एक माणूस. तीन पाळ्या केल्या, तर बारा मीटरला एक. बारा मीटर तट एका माणसाने राखायचा. अकबराच्या काळच्या पायदळासाठी आखलेला अंगरखा आता दुबळ्या देहावर लोंबत होता. हल्ला करणाऱ्याला सगळा तट जिंकायचा नसतो. त्याला एक कोपरा निवडायचा असतो, आणि राखणाऱ्याला तो कोपरा कोणता हे शेवटपर्यंत कळत नाही. ॲडम्सच्या तोफांनी आधी इतर जागी मारा केला. मग खरी खिंडार पाडणारी तोफांची रांग आग्नेय कोपऱ्यासमोर लागली.

दगड कसा पडतो

तोफेने भिंत पाडणं म्हणजे भिंतीवर वाटेल तिथे गोळे मारणं नव्हे. त्या काळच्या गोलंदाजीचं शास्त्र काटेकोर होतं. अठरा पौंडी गोळा म्हणजे आठ किलोच्या आसपास वजनाचा, तेरा सेंटीमीटर व्यासाचा भरीव लोखंडी गोल. तो फुटत नाही, त्यात दारू नसते. त्याची सगळी ताकद वेगात असते. गोलंदाज तटाच्या खालच्या भागावर नेम धरतात आणि एका आडव्या रेषेत गोळ्यामागून गोळा घालतात. पहिल्या गोळ्यांनी दर्शनी दगडांचे टवके उडतात. मग सांधे खिळखिळे होतात. मग त्या रेषेत एक खोल आडवी खाच तयार होते. दोन्ही टोकांना उभ्या खाचा पाडल्या की मधला भाग केवळ स्वतःच्या वजनावर तोललेला राहतो, आणि शेवटी तो बाहेरच्या बाजूला कोसळतो. तटाची उंची, जी आजवर त्याचं रक्षण करत होती, तीच आता त्याच्या विरुद्ध जाते. जितका उंच तट, तितका मोठा ढिगारा, आणि तो ढिगारा थेट आत चढून जायचा उतार होतो. शिपायाला हात न टेकता, बंदूक धरून चढता येईल असा उतार झाला, की खिंडार ‘चालण्याजोगं’ झालं असं मानत.

अशा तोफा वाहून आणणं हेच मोठं दिव्य होतं. एकेका तोफेचं वजन दोन टनांच्या घरात. बैलांच्या कित्येक जोड्या एका तोफेला लागत. म्हणून वेढे बहुधा कोरड्या ऋतूत घातले जात. जमीन टणक हवी, नाले उतरण्याजोगे हवेत. मे महिना तोफांना सोयीचा होता, माणसांना नव्हता. चंद्रपूरचा मे कसा असतो, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. पारा सत्तेचाळीस अंशांपर्यंत सहज जाणारा हा मुलूख. तोफांजवळची धातूची झळ, वर सूर्य, आणि गणवेश लोकरीचा. इंग्रज तोफखान्याचा मेजर गोरॅम लढाईत गोळी लागून मेला नाही. श्रमाने आणि उन्हाने त्याचा जीव घेतला.

१९ मे रोजी दुपार कलेपर्यंत तटात वाट पडली. हल्ला दुसऱ्या दिवसावर ठेवला गेला. अशा रात्रीत दोन शर्यती लागतात. आतले लोक लाकडं, पोती, दगड रचून खिंडारामागे दुसरा अडसर उभा करायला बघतात, आणि बाहेरच्या तोफा त्यांना हात लावू न देण्यासाठी रात्रभर धुमसत राहतात. २० मे च्या सकाळी इंग्रज फौज खिंडारातून आत शिरली. शिबंदीतले पाचशेच्या आसपास लोक मारले गेले. किल्लेदार गंगासिंगही पडला. इंग्रजांचे मेलेले त्या मानाने फारच थोडे होते. दगडाने जे अडवायचं ते एकदा अडवेनासं झालं, की पुढे माणसांची सरसकट कत्तल होते.

तट हे नेहमी आपल्या काळच्या शस्त्राला दिलेलं उत्तर असतं. बाण, भाले, घोडदळ आणि शिड्या यांना चांद्याने दिलेलं उत्तर चोख होतं. युरोपात तोफा आल्यावर उंच भिंती टाकून बुटके, जाड, मातीने भरलेले, तारांकित आकाराचे किल्ले बांधले गेले, कारण उंची हा दोष ठरला होता. आपल्याकडेही याचं उत्तर माहीत असलेले लोक होते. १८०५ मध्ये राजस्थानात भरतपूरच्या मातीच्या तटावर इंग्रज सेनापती लेकने चार वेळा हल्ला चढवला, हजारो माणसं गमावली आणि माघार घेतली. माती गोळा गिळते. दगड फुटतो आणि त्याचे तुकडे उडतात, मातीत गोळा रुतून बसतो. भरतपूर पडलं ते थेट १८२६ मध्ये, तटाखाली प्रचंड सुरुंग उडवून.

आणि कामठा

चांदा पडलं, पण लढाई संपली नाही. निसटलेले आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात गेले. तिथल्या गोंड मंडळींनी त्यांना आसरा दिला, आणि त्यांच्या नावाने नागपूर राज्याच्या कानाकोपऱ्यात उठाव झाले. आपल्या भागातला सर्वांत ठळक उठाव कामठ्याच्या चिमणा पटेलाचा. तो इथला मोठा जमीनदार होता. सप्टेंबर १८१८ मध्ये कॅप्टन गॉर्डनने कामठ्यावर चाल केली आणि हल्ला करून ते घेतलं. जमीनदारी चिमणा पटेलाच्या हातून गेली, आणि पुढे ती लोधी घराण्याकडे आली.

सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे हलका धान निसवायचे दिवस. बांध्या पाण्याने भरलेल्या, पांदणीत चिखल. अशा मोसमात दोन टनांची तोफ ओढत आणणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. आपल्या धानपट्ट्यातल्या गढ्या बहुधा मातीच्या, पण त्यांची खरी तटबंदी म्हणजे सभोवतीचा चिखल आणि बोड्या. तरी कामठा पडलं. कारण चांद्यासारखं राजधानीचं शहर एकदा गेल्यावर मागे उरलेल्या गढ्यांना मदत पोहोचणार कुठून? आज कामठ्याला जाणारे लोक लहरी आश्रमात जातात. तिथे जाताना दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या पावसाळ्याची आठवण ठेवणारे थोडे आहेत. चांद्याच्या आग्नेय कोपऱ्यातला ढिगारा आणि कामठ्यातला पराभव ही एकाच युद्धाची दोन पानं आहेत, चार महिन्यांच्या अंतराने उलटलेली.

आप्पासाहेब पुढे असीरगड, पंजाब असे फिरत जोधपूरला पोहोचले आणि १८४० मध्ये तिथेच वारले. नागपूरचं राज्य १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारल्यावर इंग्रजांनी खालसा केलं. चांदा शांत झालं असं वाटत असताना १८५८ मध्ये पुन्हा पेटलं. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि इतर लोकांना एकत्र करून इंग्रजांशी लढे दिले. सप्टेंबरात ते पकडले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी दिली. वय पंचवीस. गोंड राजांच्या राजवाड्याच्या जागीच हा तुरुंग आहे. ज्या राजवंशाने तट बांधला, त्याच्याच वाड्याच्या आवारात त्याच समाजाच्या एका वीराला फासावर चढवलं गेलं. दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे अभिवादनाला जमतात. चंद्रपुरात युद्धाची खूण म्हणून एकच जागा दाखवायची झाली, तर मी खिंडाराच्या आधी हे झाड दाखवीन.

आज तट कुणाच्या हाती

सह्याद्रीतले कितीतरी गड १८१८ नंतर इंग्रजांनी मुद्दाम पाडून निकामी केले. चांद्याचा तट मात्र बहुतांश टिकला. त्याचा खरा शत्रू नंतर आला, आणि तो दारूगोळा घेऊन आला नाही. पिंपळ-वडाची रोपं सांध्यांत रुजली, फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, झुडपं माजली, बुरुजांवर कचरा साठला, लगतची घरं तटाला टेकली. झाडाचं मूळ तोफेसारखंच सांध्यात शिरतं, फक्त त्याला दिवसाऐवजी दशकं लागतात.

मार्च २०१७ मध्ये चंद्रपूरच्या इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तट साफ करायला घेतला. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने, कुऱ्हाडी, फावडी, टोपल्या घेऊन रोज सकाळी तास-दोन तास. बुरुजामागून बुरूज मोकळा होत गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या कामाचा उल्लेख केला. ज्या तटावर १८१८ मध्ये बारा मीटरला एक माणूस उरला होता, त्याच्यासाठी दोन शतकांनी पुन्हा माणसं उभी राहिली, यावेळी पगाराशिवाय. तट साफ झाला म्हणून तर आज फांजीवरून चालता येतं आणि एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला नदीकाठ असं दोन्ही दिसतं.

तुम्ही जाल तेव्हा भिंतीकडे थोडं निरखून पाहा. जिथे दगडांचे थर सरळ आडव्या ओळींत जातात ते मूळ काम. जिथे ओळ मोडते, दगडांचा आकार बदलतो, चुन्याचा रंग वेगळा दिसतो, तिथे कधीतरी काही पडलं होतं आणि कुणीतरी पुन्हा रचलं. चऱ्यांमधल्या जंग्यांतून डोळा लावून बाहेर बघा आणि किती थोडी जमीन दिसते ते पाहा. म्हणजे एका शिपायाने बारा मीटर राखणं काय असतं, हे अंगावर येतं. अंचलेश्वर दरवाजापासून पठाणपुऱ्याकडे चालत जा. १८१८ चा कोपरा त्याच बाजूला आहे. उन्हाळ्यात जायचं धाडस करू नका. पावसाळा सरल्यावर, तटाला शेवाळाची हिरवी झाक असताना जा.

आमगाव-सालेकसाच्या शाळांनी सहल काढताना एक दिवस चांद्याला आणि एक दिवस कामठ्याला द्यावा, असं मला मनापासून वाटतं. मुलांना तारखा पाठ करायला लावू नयेत. तटापाशी उभं करून त्यांना तीन प्रश्न विचारावेत. हा कुठल्या शस्त्रासाठी बांधला? तो राखायला किती माणसं लागत होती आणि प्रत्यक्षात किती होती? आणि आज तो कोण राखतंय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मुलं गणिताने काढतील. तिसऱ्याचं उत्तर देताना त्यांना स्वतःकडे बोट दाखवता यावं, एवढी तयारी आपण मोठ्यांनी करून ठेवायला हवी.